तेवढा वेळ

कुताइसीत, रिओनीच्या पुलापासून तिसरं दार,
जमीन मोजणाऱ्यांचं ऑफिस.
सात माणसं, सहा खुर्च्या,
आणि टेबलाखाली घुरघुरणारा सर्व्हर,
ज्याच्या कोमट पाठीवर हिवाळाभर मांजर झोपतं.

गेल्या बुधवारी त्याच्या पंख्यातून
मी मूठभर केस काढले.
ओतिया म्हणाले, बाद्री, आता नवा बघ.

तीन दुकानांचे तीन कागद आले.
पहिल्यावर बत्तीस कोअरचा प्रोसेसर.
बत्तीस!
आमच्याकडे सगळे एकदम कामाला लागले
असं एकदाच झालंय, मुदतीच्या शेवटच्या दिवशी,
आणि तेव्हाही झुराब झोपला होता.
नाकापेक्षा मोती जड.
तो कागद डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेला.
टेबल आता डुगडुगत नाही, एवढा उपयोग झाला.

कोअर म्हणजे काय, ओतियांना ठाऊक नाही.
त्यांनी वीज नसलेली वर्षं पाहिलीत,
रॉकेलच्या दिव्यात शेतांच्या कडा ओढल्यात.
ते एवढंच म्हणाले:
चाळीस वर्षांनी एका अक्रोडाच्या झाडावरून
भाऊ भावाशी भांडेल.
तेव्हा ते झाड कुणाच्या हद्दीत होतं
हे सापडलं पाहिजे.
पटकन नाही सापडलं तरी चालेल.

मग मला हिशेब सोपा गेला.
आठ कोअर पुरे. उरलेले लारी डिस्कवर.
चपळ डिस्क दोन, एकीनं लिहिलं की दुसरीनंही लिहायचं,
म्हणजे एक गेली तरी दुसरीला सगळं पाठ.
जुन्या गावांच्या नकाशांसाठी फिरत्या डिस्क, त्याही दोन,
स्वस्त, जाडजूड.
वीज गेली तर वीस मिनिटं तग धरणारी बॅटरी.
आणि दर शुक्रवारी एक प्रत ओतियांच्या बहिणीकडे,
मधाच्या बरण्यांशेजारी.

बसवला. मांजर हिरमुसलं, हा तापतच नाही.
झुराबनं एक नकाशा उघडून पाहिला,
मग तोच पुन्हा उघडला,
जत्रेतल्या पोरासारखा.

फक्त लामझिरा गप्प होती.

जुन्या सर्व्हरवर गावाचा नकाशा उघडायला
चार मिनिटं लागायची.
दुपारी एकला ती नकाशावर टिचकी मारायची, उठायची,
कॉफीचं भांडं चढवायची,
आणि खिडकीशी उभी राहून पोलंडला फोन लावायची.
तिकडे तेव्हा दहा वाजलेले,
गेलाला गोदामात सुट्टी.
जेवलास का? हातमोजे घेतलेस का?
कॉफी उतू जाईपर्यंतच बोलायची ती.
कामाच्या वेळात बोलते असं कुणी म्हणू नये,
म्हणून आधी टिचकी.

आता नकाशा तिच्या उठण्याआधीच उघडतो.
परवा ती अर्धवट उठली,
पडद्याकडे पाहिलं,
आणि पुन्हा बसली.

हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर
तिच्या वाट्याची अकरा गावं
मी चपळ डिस्कवरून फिरत्यांवर हलवली.
शिवाय त्यांना सांगून ठेवलं,
दहा मिनिटं कुणी हाक मारली नाही तर झोपा.
झोपलेल्या डिस्कला उठून, गरगरून,
एवढालं गाव उचलून आणायला वेळ लागतो.
चार मिनिटं नाही जमली.
दीड जमलं.

आज ती म्हणाली, बाद्री,
हा नवासुद्धा थोडा आळशीच निघाला.
मी म्हटलं, चांगले कुठे परवडतात आपल्याला.
तिनं कॉफीचं भांडं चढवलं,
आज लहान.