अळणी

हा अंगठा बघा.
टेनेसीच्या तळ्यांवर बेचाळीस वर्षं
बास माशांच्या खालच्या ओठात घालघालून
याची कातडी कानशीसारखी झालीय.
आमच्याकडे हात मिळवताना माणसं
आधी अंगठा चाचपतात, नाव नंतर विचारतात.

लेकीच्या नोकरीमागे लुईझियानाच्या टोकाला आलो,
जिथे नकाशा म्हणतो जमीन
आणि होडी म्हणते पाणी.
सोबत सात ट्रे : रबरी अळ्या, जांभळे बेडूक,
पितळी पात्यांच्या फिरक्या,
आणि एका डोळ्याचा लाकडी मासा,
ज्यानं मला दोन ढाली जिंकून दिल्या.

ओदील व्हर्डिन. पांढरे रबरी बूट.
कोळंबीचं मोठं गलबत विकून
आता एवढीशी पत्र्याची होडी.
तिनं ट्रे उघडले, नाकातल्या नाकात हसली,
राखाडी रबरी कोळंबी तेवढी उचलली.
"हिचं जमेल. बाकीचं दुकान बंद ठेव, टेनेसी."

तळ्यात मी बुंधे शोधायचो, धक्क्याखालची सावली.
मासा घरीच असायचा,
दार वाजवायचं फक्त.
"ओंडके काय बघतोस?" ती म्हणाली,
"पाणी कुठून निघालंय ते बघ."
लव्हाळ्यातून ओहोटीची बारीक शीर,
कोऱ्या चहाच्या रंगाची,
मोठ्या पाण्यात उतरत होती,
आणि तिच्या तोंडाशी पोरसवदा कोळंबी
लाह्यांसारखी उडत होती.

मग तिनं माझ्या दोरीला बूच बांधलं.
बूच!
आमच्याकडे सहा वर्षांची पोरं लावतात.
याला वर मणी, झटका दिला की खळ्ळ वाजतं,
आणि खाली हातभर अंतरावर ती कोळंबी.
"लाज वाटते?"
"थोडी."
"माशांना सांगणार नाही मी."

खळ्ळ. खळ्ळ. बूच गायब.
मी बेचाळीस वर्षांच्या सवयीनं
खांद्यापासून हिसडा मारला.
दोरी हलकी. गळाला ओठाचा
कांद्याच्या पापुद्र्याएवढा तुकडा.
"ट्राउट आहे तो. तोंड ओल्या कागदाचं.
उपटायचं नाही रे,
दोरी गुंडाळत राहायचं."

दुसरा आला. ठिपक्यांचा, पाठीवर वांगी झाक.
आणि मी, ढालींचा मानकरी,
सरळ अंगठा त्याच्या तोंडात घातला.
वरच्या जबड्यात दोन सुळे असतात.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
म्हणजे तिनं सांगितलं होतं, सकाळी, दोनदा.
रक्त होडीच्या तळातल्या पाण्यात,
हात धुवायला समुद्र :
जखमेवर मीठ ही म्हण आहे
असं मी आजवर समजत होतो.
ती हसली नाही. माशाला ओल्या फडक्यात धरून
माझ्याकडे फडक्याचं दुसरं टोक सरकवलं.

परतताना झाडं लागली. ओक. पांढरी, पानांवाचून,
गुडघाभर पाण्यात उभी.
"इथं बापाची गुरं बसायची.
पलीकडे गोडं पाणी होतं. तुझे ते हिरवे मासे,
आम्हीही धरायचो. मग कालवे खणले, मीठ आत आलं."
मी ऐकत होतो, आणि खरं सांगतो,
डोळे बुंध्यांवरच होते :
काय जागा आहे!
"टाक," ती म्हणाली. "केव्हाचे हात शिवशिवतायत तुझे."

एकडोळ्या लाकडी मासा गेला आणि
तिसऱ्या ओकात रुतला.
तिनं होडी जवळ नेली, इंजिन बंद केलं.
तळहात बुंध्यावर ठेवला,
गळ सोडवायला लागतो
त्याहून बराच जास्त वेळ.
"घे. घरी गेल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धू.
आधी हे, मग जेवण."

मी आधी जेवलो.
मग लेकीला अंगठा दाखवला, गोष्ट सांगितली,
सुळे जरा लांब करून.
सकाळी रीळ फिरेना.
एका दिवसाचं मीठ खाल्लं होतं त्यानं,
आणि मिठाला असं जागलं
की दोन्ही हातांनी सुटेना.