अडीच तारे

पुण्याच्या पेपरात अडीच तारे.
"माणसं फार, गोष्ट थोडी."
मुंबईच्या एकाला शेवट कळला नाही,
दुसऱ्याला तेवढाच आवडला.

सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या पोत्यांवर बसून
आम्ही अकराजण हिशेब घालतो :
दोन कॅमेऱ्याला देऊन टाकू.
उरलेला अर्धा कुणाचा?

बाहुबली कंपाउंडर म्हणतो, माझ्या शिंकेचा.
पहिली खरी होती, हळदीची.
सिनेमात तिसरी ठेवलीय.

मुल्लाचाची भडंगातले शेंगदाणे वेचत गप्प.
त्यांचं एकच वाक्य होतं,
तेही कापलं.
आता नुसती पाठ दिसते,
चहा गाळताना.

काल मिरजेच्या शोला, मागच्या रांगेत
कुणीतरी एकटंच हसलं,
चुकीच्या जागी,
नेमकं जिथं
ते वाक्य होतं.