सतरा नंबरचा चर

जुलैतला सलग अकरावा ओला दिवस.
वेल्समध्ये आम्ही याला उन्हाळाच म्हणतो,
आणि म्हणताना कुणी हसत नाही.

टेकडीच्या उतारावर भाजीचे बावीस तुकडे,
प्रत्येकाला एक नंबर, एक खोपटं, एक पिंप.
एप्रिलात याच पिंपात
मी खोपटाच्या पन्हळीचा थेंब थेंब जपला होता.
माझा सतरा. जवळजवळ तळाशी.
वरच्यांचं सगळं पाणी
माझ्याकडे मुक्कामाला येतं
आणि निघायचं नाव घेत नाही.

घेवड्याची लाल फुलं गळून
सरीत तरंगतायत.
लेट्यूस वरून टवटवीत,
हात लावला की देठापासून सुटून येतं,
आतून शेंबूड झालेलं.
रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचते,
शंख नसलेल्या, काळ्या, बोटभर.
पहिल्या रात्री एकशे बारा.
दुसऱ्या रात्री मोजणं सोडलं.
दहा नंबरचा गेथिन म्हणाला, बशीत बियर ठेव, बुडून मरतात.
ठेवली.
पिऊन गेल्या,
कोबी चाखण्याला.

परवा मायरिगला बटाट्याच्या पानावर
तपकिरी ठिपका दिसला. एकच.
पान उलटलं, खाली पांढरी लव.
'करपा,' तो म्हणाला,
दारात उभ्या माणसाचं नाव सांगावं तसं.
मग विळा घेऊन सगळा पाला जमिनीलगत कापला,
अडीच तास, एक्याऐंशी वर्षांच्या कमरेनं.
खालचे बटाटे वाचतील, असतील तेवढे.
माझ्याकडे नाही आला अजून, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
विळा माझ्या फाटकाला अडकवून गेला.

काल सकाळी मी तो काढला.
दुपारपर्यंत माझ्या चार ओळी
भादरलेल्या मेंढीसारख्या उभ्या.

राहिलं पाणी.
ओढा पलीकडेच, पण माझ्या बाजूनं
त्याचा काठ कमरेएवढा उंच.
जुनी मोरी आहे ती अठरा नंबरात,
आणि अठरा नंबर हायल्वेनचा.
आमच्या भाषेत हायल्वेन म्हणजे ऊन.
यंदा तिला कुणी
मोठ्यानं हाकही मारत नाही.
मी तर चार वर्षांत मारलेली नाही,
कुंपणावरच्या एका फांदीपायी.

मी माझ्या हद्दीपर्यंत चर खणला
आणि तिथे थांबले.
पाणीही थांबलं,
चहाच्या रंगाचं, माझ्या टाचांशी.
पुढे तिचे कांदे:
बाराच्या दोन ओळी, माना ताठ,
ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी
ती जानेवारीपासून खिडकीत वाढवत आली ते.
तेवढ्यात माझ्या फावड्याचा दांडा मोडला.

ती खोपटाच्या दारातून सगळं बघत होती,
हातात कप, डोक्यावर खताची पिशवी.
कप उलटा ठेवला. फावडं घेऊन आली.
'तिथून नको,' म्हणाली, 'तिथे दगड आहे.
सरळ ये. मधून.'
'कांदे?'
'त्यांना पोहता येत नाही,
मला माहीत आहे.'

एकेक कांदा तिनं स्वतः उपटला,
मुळांची माती बोटांनी झटकली,
आकार मात्र एकदा तळव्यावर जोखला.
मग आम्ही दोघी, दोन टोकांकडून,
न बोलता. तिचं फावडं माझ्याकडे,
ती मायरिगच्या जुन्या कुदळीनं.
शेवटची वीतभर माती तिनं बुटाच्या टाचेनं मोडली.

पाणी आधी जागच्या जागी घुटमळलं,
एक फूल गोल फिरलं,
मग दोन्ही निघाले.
मोरीतून आवाज आला, घसा खाकरल्यासारखा.

पाऊस थांबलेला नाही.
रेडिओ म्हणतो शनिवारपर्यंत, आणि रेडिओ
मागच्या शनिवारीही तेच म्हणाला होता.
पण घेवड्याचे बुंधे दिसायला लागलेत,
आणि वाफ्याच्या कडेला
बोटभर कोरडी नसली तरी
पाय ठेवण्याजोगी माती आहे.

चार वर्षं बोललो नव्हतो.
आताही फार बोललो असं नाही.
कांद्यांची पिशवी खांद्याला लावून
फाटकातून ती एवढंच म्हणाली,
'फावडं धुऊन आण.'