तीस टक्के

वकीलबाईंनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं,
एका ओळीवर बोट ठेवलं:
डोळाच काढावा लागला तर चाळीस,
डोळा जागेवर, नुसती नजर गेली, तर तीस.
मी म्हटलं, ताई, पुन्हा वाचा.
त्यांनी पुन्हा वाचलं. तेवढेच निघाले.

चाक फुटलं तेव्हा पावणेचार वाजले होते.
एमरीचं, बारा इंची, नवंकोरं.
गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेला,
कारण जॉब मोठा होता आणि आत बसत नव्हता.
गॉगल होते की. ऑडिटच्या दिवशी वाटायचे,
संध्याकाळी मोजून परत घ्यायचे.
तपासणीला साहेब यायचे, चहा घ्यायचे,
उघड्या चाकाकडे काणाडोळा करायचे.
हा शब्द मी शंभरदा वापरला असेल.
आता तोंडात येतो आणि अडतो.

ठेकेदार पहिल्या दिवशी शहाळं घेऊन आला,
दुसऱ्या दिवशी कार्ड.
माझं विम्याचं कार्ड
माझ्या गेलेल्या नजरेहून एका दिवसाने लहान आहे.
अंबडमध्ये सात वर्षं काढली,
हजेरीच्या वहीत मात्र मी कालच आलोय.

चेहऱ्यालाही ओळ आहे पुस्तकात:
फारच भयंकर विद्रूप झाला तर शंभर.
बोर्डाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला,
मान इकडे करा, तिकडे करा,
भुवईपासून हनुवटीपर्यंत टाक्यांवरून बोट फिरवलं,
म्हणाले, एवढं काही भयंकर नाही.
मी थँक्यू म्हणालो.
त्रिंबक रोडवर रिक्षाची वाट बघताना कळलं
मी कशाबद्दल थँक्यू म्हणालो ते.

पैसे खात्यात यायचे तर आधार ताजं करा.
केंद्रावरच्या पोराने दुर्बिणीसारखं यंत्र नाकावर टेकवलं.
दोन्ही डोळे मोठे उघडा, काका.
उघडलेत.
अजून मोठे.
यंत्र लाल व्हायचं, पोरगं पुसायचं,
परत लाल व्हायचं.
मागे रांग. कुणीतरी म्हणालं, मोतीबिंदू असेल.

पोटिंदे सीएनसीवर आहे, हिशेबाला पक्का.
पगाराचे साठ टक्के, गुणिले वयाचा आकडा,
त्याचे तीस आणि त्याचे चाळीस,
बिडीच्या पाकिटावर दोन्ही मांडून दाखवले.
म्हणाला, काशिनाथ, काढून टाक.
नाहीतरी ते बिनकामाचं भाडेकरू.
काचेचा बसव, तो निदान सरळ तरी बघेल.
फरकाच्या आकड्याखाली त्याने दोन रेघा मारल्या.
तेवढ्यात मोहिनीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष निघत होतं.

पाकीट आठ दिवस खिशात होतं.

एका डोळ्याने जग सपाट दिसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
जिना कागदावर काढल्यासारखा.
चहा ओतला की कपाच्या बाहेर.
मोहिनी काही बोलत नाही,
कपाचा काठ किटलीच्या तोंडाला टेकवून धरते.
रस्त्याने चालताना माझ्या डाव्या बाजूला येते,
कार्बन नाक्यावर ट्रक वळतात त्या बाजूला.
कधीपासून येते, मला आठवत नाही.

रविवारी रंजना डबे लावत होती,
मी म्हटलं, कांदा मी चिरतो.
गावठी, लाल, निफाडहून तिच्या भावाने पाठवलेला.
बोटं सांभाळून, अंदाजाने, जाड जाड.
तिसऱ्या कांद्याला गालावर ओघळ आला,
उजव्या, आणि मग डाव्या.
डावा जरा जास्तच,
टाक्यांच्या खाचेतून वाट काढत हनुवटीवर थांबला.
रंजनाने वळून बघितलं.
म्हणाली, अगं बाई, हा पण?

वकीलबाईंना सोमवारी फोन केला.
म्हटलं, तीस लिहा.
त्या म्हणाल्या, विचार केलाय ना?
मी म्हटलं, हो.
का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
त्यांनी विचारलं नाही.
पुढची तारीख अठरा सांगितली,
आणि येताना फोटो आणा म्हणाल्या,
दोन, समोरून, डोळे उघडे.