उचल

धारगळच्या माळावर सकाळी सातला
चिऱ्यांची धूळ अजून बसलेली असते.
मशीन सुरू झालं की उठते
आणि मग दिवसभर आमच्यासोबत
ट्रक भरते.

मल्लेश परवाच आलाय गदगहून.
नानू मुकादमानं त्याला तीन हजारांची उचल दिली,
वहीत झोकदार सही घेतली
आणि मला म्हणाला, पुरसो, याला दाखव.

काय दाखवू?
पत्र्याच्या खोलीवर चित्र डकवलंय:
बिनचेहऱ्याचा माणूस, हातात बिनवजनाची पेटी,
वाकड्या पाठीवर लाल फुली.
त्याच्या पायाखाली ना खडी, ना उतार.
मिंगेल हॉर्न वाजवून त्याला घाई करत नाही.

मला कन्नड येत नाही,
त्याला माझं बोलणं अर्धंच कळतं.
गुडघे मात्र दोघांनाही आहेत.

म्हणून आधी मी बसलो. असा.
पावलं खांद्यांइतकी फाकून, एक जरा पुढं,
चिरा दोन पायांच्या मध्ये.
सगळा उचलायच्या आधी
एक कड उचलून बघ, म्हटलं.
रात्री पाऊस झाला असेल तर चिरा पाणी पितो.
वरून कोरडाच दिसेल,
पण कालचा तो आज तो नसतो.

मग पोटाशी घे.
शर्ट लाल होईल, होऊ दे.
हात लांब करून धरलास
तर तोच दगड परक्यासारखा जड होतो.
आणि उठायचं ते मांड्यांनी.
मांड्या म्हशींसारख्या असतात, संथ, सोसणाऱ्या.
कंबर ही बिजागरी.
तिच्यावर दार फिरतं,
घर नाही.

आणि हे चित्रात नाही ते:
वळायचं असेल तर पाय उचल, पाय.
मी नव्हते उचलले.
संध्याकाळ, ट्रकातली शेवटची रांग,
मागून कुणी हाक मारली, पुरसो, चहा!
पाय तिथंच राहिले,
कंबर तेवढी चहाकडे गेली.
आवाज काहीच झाला नाही.
चिरा मी नीट खाली ठेवला,
हे अजून सगळ्यांना सांगतो.
मग उभा राहायला गेलो
तो राहिलोच नाही.

अकरा वर्षं झाली.
आता परसात नारळ पडला
की पायानं ढकलत ढकलत दारापर्यंत नेतो.
बायको म्हणते, म्हातारा फुटबॉल खेळतोय.

नानूच्या वहीतली उचल
मजुरीतून कापून जाते.
पाठीकडून घेतलेली कुठं लिहितात?
मी तर रोज घेत होतो.
घाईपोटी, पैजेपोटी,
दोन चिरे एकदम, नुसत्या बघणाऱ्यांसाठी.
ती मागायला आली
तेव्हा एकदमच सगळी मागायला आली.

हे मल्लेशला कसं सांगणार.
एवढंच म्हटलं, जड वाटला तर कुणाला तरी बोलव.
'बा' म्हण.
बा मला कळतं.

दुपारपर्यंत अर्धा ट्रक चढला.
दोनदा तो कमरेतून वाकला,
दोनदा मी खाकरलो.
एकदा त्यानं 'बा' म्हटलं,
मी उठेपर्यंत शांबा धावला.

पेजेच्या वेळी माझी काठी घसरून पडली.
मल्लेश आला.
आधी अगदी जवळ आला,
पावलं फाकली, गुडघ्यांत बसला,
एक टोक उचलून पाहिलं,
पोटाशी धरून सावकाश उठला
आणि पावलापावलानं वळून
माझ्या हातात दिली.

काजूची काठी. वजन पावशेर.

मिंगेल हसला.
मी नाही.