निळ्या उजेडाची वसुली

अकरा हिवाळे मी दारं वाजवली.
कुह्मो, सोत्कामो, रशियाच्या हद्दीलगतच्या वस्त्या,
जिथं पत्रपेटी रस्त्यावर असते
आणि घर दोन किलोमीटर आत, जंगलात.
बगलेत फाईल, छातीवर ओळखपत्र,
आणि एकच प्रश्न:
घरात टीव्ही आहे का?

नाही म्हणणारे नाना तऱ्हेचे.
कुणी कुत्रं सोडायचं.
कुणी म्हणायचं, आहे, पण मेव्हण्याचा.
एका बहाद्दराने संच सौनात नेऊन बाकाखाली सारला
आणि मलाच आग्रहाने वाफेला बसवलं.
घाम दोघांनाही फुटला.

आउने केंप्पाइनेनकडे कुत्रं नव्हतं, मेव्हणाही नव्हता.
ती नुसतं म्हणायची, नाही.
तिच्या मागे, कोपऱ्यात,
विणलेल्या शालीखाली काहीतरी चौकोनी,
आवाज बंद केलेलं,
आणि जाळीतून झिरपणारा साडेआठच्या बातम्यांचा निळा उजेड.
कोंबडं झाकलं होतं. तांबडं खोलीभर पसरलं होतं.
मी लिहायचो: संच आढळला नाही.
ती कॉफी ओतायची.

रेडिओ मात्र खिडकीत, राजरोस.
त्याला परवाना लागत नसे.
त्यावर समुद्राचं हवामान:
मार्केट, नैऋत्येकडून चौदा.
बोग्शेर, पाऊस, पुढचं धूसर.
समुद्र इथून दोनशे किलोमीटर.
एकदा मी विचारलं, तुमचं कोण आहे समुद्रावर?
कुणी नाही, ती म्हणाली,
पण कुणीतरी असतंच की.

मग हेल्सिंकीत समित्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.
दर घरामागे घ्यावं की दर डोक्यामागे,
फोनवर बघणाऱ्याचं काय,
न बघणाऱ्याने का भरावं,
जाहिराती घेतल्या तर काय बुडतं.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं.
शेवटी ठरलं: कर. पगारातून, परस्पर.
मला दोन ओळींचं पत्र आलं, आणि एक थर्मास.

चांगलंच झालं, मी म्हणतो. मनापासून म्हणतो.
म्हातारीने निळ्या उजेडासाठी खोटं बोलावं
हा काही देशाचा कारभार नव्हे.
तरी रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं,
दार वाजवणं थांबलेलं नाही, दार बदललंय.
आता प्रसारण संस्थेचा कुणी साहेब
संसदेच्या बोळातल्या बाकावर बसत असेल,
बगलेत फाईल,
रक्कम वाढेल की कापली जाईल ते ऐकायला.
आतून प्रश्न येत असेल, गोड आवाजात:
आमच्याविषयी काही आहे का तुमच्या घरात?
आणि त्याच्या मागे, कोपऱ्यात,
काहीतरी चौकोनी, आवाज बंद केलेलं.
त्याच्या कागदावर काय लिहायचं
हे ठरवायला तिथं कॉफी पिणारा कोण असतो,
ठाऊक नाही.

जानेवारीत आउनेकडे गेलो. उणे एकतीस.
दार लोटलं तर ओरडली, बाहेर हो, आधी वाजव.
बाहेर आलो. बर्फात उभा राहिलो. वाजवलं.
तिने उघडलं. शाल तिच्या खांद्यावर होती.
विचार, म्हणाली.
घरात टीव्ही आहे का?
आहे, ती म्हणाली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि मान ताठ करून.
तिचं पेन्शन एवढं तोकडं, की कर तिला लागूच नाही.
म्हणजे आता फुकटच, ती म्हणाली,
आणि फसवायला माणूसही उरला नाही.

खिडकीत रेडिओ एकेक ठाणं मोजत होता.
उल्कोकल्ला, तो म्हणाला,
वाऱ्याची नोंद मिळालेली नाही.
आउनेचा हात किटलीवर तसाच थांबला,
पुढचं ठाणं येईपर्यंत.