काहून

धंतोलीत जिन्याखाली माझी पहिली खोली.
एक टेबल, टॉर्च, रबराची हातोडी,
आणि खिडकीत वाळ्याचा कूलर.
कंपाउंडर भिमटे त्यात दर दोन तासांनी
बादलीनं पाणी ओतायचा.

त्र्याण्णवचा मे. पारा सेहेचाळीसला.
गोळीबार चौकातून चंद्रकला हेडाऊ आली,
ओल्या लुगड्यात गुंडाळलेली रंजू खांद्यावर.
"ताप आला का मिरगी येते. ऊन लागलं का येते.
आंघोळीचं पाणी जरा कढत झालं तरी येते.
काहून जी, बाई?"

मी सांगितलं, चप्पल हुंगवू नका,
दातांत चमचा घालू नका,
कुशीवर वळवा, घड्याळ बघा.
सगळं बरोबरच सांगितलं.
मग एक गोळी लिहिली. तेव्हा सगळेच लिहीत.

महिन्यानं परत आली.
"या गोळीनं तं जास्तच येऊन राहिली."
मी डोस वाढवला.
आणि केसपेपरवर इंग्रजीत नोंदवलं:
आई औषध वेळेवर देत नाही.
माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

पुढं जिन्याखालून वर गेले, तीन मजले झाले.
बालाघाट, छिंदवाडा, अहेरीहून माणसं येत,
पहाटेच्या गाडीनं उतरून पायरीवर पोहे खात बसत.
मंगळवारी मात्र मी दवाखाना बंद ठेवायचे.
पाचपावलीत, उमरेडला, मागाशेजारी चटईवर बसून
वंशावळी काढायचे:
मुलगा चौकोन, मुलगी वर्तुळ,
मिरगी असेल तर आत काळं.
"आत्याला यायची? आजोबांच्या भावाला?"
घरात लग्नाची पोर असली की
सगळी वर्तुळं कोरी राहायची.
रक्ताच्या नळ्या बर्फात ठेवून भिमटेचा मुलगा
रात्रीच्या गाडीनं हैदराबादला न्यायचा,
मांडीवर डबा, झोप नाही.

सोळा वर्षांनी रंजूच्या जनुकाचं उत्तर आलं.
एक अक्षर बदललेलं.
आईत नाही. बापात नाही.
तिच्यातच पहिल्यांदा.
आणि अशा मुलांना जी गोळी देऊ नये म्हणतात
ती नेमकी माझी.

माझा निबंध छापून आला. त्यात रंजू आहे.
कुटुंब सात, काळं वर्तुळ.

मी गोळीबार चौकात गेले.
रंजू एकोणीस वर्षांची, मोजून चार शब्द बोलणारी,
त्यातला एक पाणी.
मी गोळीचं सांगितलं, काही न लपवता.
चंद्रकला म्हणाली, "मी तं म्हटलं होतं."
एवढंच. चहा ठेवायला उठली,
अर्ध्यातून वळली.

"म्हणजे माझ्या रक्तातून नाही आलं?"
"नाही."
"माझ्या माहेरच्या?"
"कुणाच्याच नाही."

"हे लिहून द्या. मराठीत.
सासू तं गेली दोन वर्षांमागं.
तरी द्या, तिच्या फोटोमागं खोचून ठेवतो."

मी लिहिलं.
तिनं कागद उजेडाला धरला, परत दिला.
"हे कोणाले वाचता येईन, बाई?
नीट काढा."